साउंड कार्ड, तीन स्पीकर आणि आप्पांच्या कॅसेट: कामाच्या नोंदी

३० जून २०२४, रविवार

हॉलमधला पीसी टीव्हीला जोडून दोन वर्षं झाली पण आवाजाकडं कधी धड बघितलंच नव्हतं, बोर्डावरच्या हिरव्या भोकात वायर घातली, दोन पॉवर्ड स्पीकरला दिली, झालं. आता तीन कामं एकदम अंगावर आलीत म्हणून ही नोंद सुरू करतोय.

पहिलं आणि सगळ्यात मोठं काम आप्पांच्या कॅसेट. आप्पांनी मिरजेत सतारमेकर गल्लीत तीस वर्षं तानपुऱ्याला जवारी लावायचं काम केलं, म्हणजे घोडी घासून तारेचा झंकार उघडायचा. यंदा मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून ते जुन्या आठवणी काढतायत, आणि परवा माळ्यावरची ट्रंक खाली घ्यायला लावली. ८७ कॅसेट. दर्ग्यात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं दरवर्षी गाणं होतं त्या रात्रींच्या काही, घरगुती बैठकींच्या काही, काहींवर नुसतं "तानपुरा, नवीन, काळी दोन" (काळी दोन ही स्वराची पट्टी) एवढंच पेन्सिलीनं लिहिलेलं. या सगळ्या पीसीत घ्यायच्यात. काहींना बुरशी धरायला लागलीय, त्यामुळं पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबून चालणार नाही.

दुसरं, आईला पिक्चरमधलं बोलणं कळत नाही. गाणी आणि मारामारी कानठळ्या बसवतात आणि बोलणं लागलं की आवाज वाढव म्हणते.

तिसरं, भाचा अकरावीला आमच्याकडं राहायला आलाय आणि त्याला ५.१ पाहिजे, म्हणजे पुढं तीन आणि मागं दोन स्पीकर आणि एक सबवूफर.

बजेट आठ हजार, त्यात जे होईल ते.

२ जुलै

साउंड कार्ड घ्यायच्या आधी आत्ताचं किती वाईट आहे ते बघू म्हटलं. ३.५ एमएमची दोन्ही टोकं नर असलेली वायर घेतली, एक टोक आउटमध्ये एक लाईन-इनमध्ये, काहीच न वाजवता ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये एक मिनिट रेकॉर्ड केलं. म्हणजे शांतता रेकॉर्ड केली आणि शांततेत काय काय आहे ते मोजलं.

कॅबिनेटच्या पुढच्या भोकातून उणे ६२ डीबी (उण्याचा आकडा जितका मोठा तितका कचरा कमी). माउस हलवला की किर्र, ब्राउझर वर-खाली सरकवला की वेगळी किर्र, स्पीकरला कान लावला तर स्पष्ट ऐकू येते. तीच वायर मागं थेट बोर्डाच्या भोकात घातली तर उणे ७८. फुकटात १६ डीबी मिळाले! पुढच्या भोकाची जी बारीक वायर कॅबिनेटमधून ग्राफिक्स कार्डाशेजारून येते ती वाटेत सगळा कचरा गोळा करत येते. कुणाला पीसीचा आवाज खराब वाटत असेल तर आधी वायर मागं लावून बघा, मग पैशाचं बघा.

७ जुलै, रविवार

माळ्यावर एक जुना ५.१ सेट पडून होता, भाच्यानं तो पुसून खाली आणला. लावून बघितल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही म्हणून सकाळपासून लागलो.

आमच्या बोर्डाला मागं तीनच भोकं, हिरवं, निळं, गुलाबी. ५.१ निवडलं की हिरव्यातून पुढचे दोन येतात, निळं भोक लाईन-इन होतं ते मागच्या स्पीकरचं आउट होतं, आणि गुलाबी माइकचं भोक सेंटर आणि सबवूफरचं होतं. म्हणजे सराउंड पाहिजे तर कॅसेट डेक लावायला जागाच उरत नाही. हे लक्षात ठेवायचं, कार्ड घ्यायचं ठरलं तर मुख्य कारण हेच असणार.

जागेचं सांगायचं तर हॉल १४ बाय १२ फूट. नियम असा की पुढचे दोन समोरच्या मध्यापासून ३०-३० अंशावर, सेंटर बरोबर समोर, आणि सराउंडचे दोन बाजूला पण जरासे मागं, १०० ते १२० अंशात. पुष्कळ लोक ते थेट पाठीमागच्या भिंतीला टांगतात, तसं नाही. आमच्याकडं डाव्या सराउंडच्या जागी स्वयंपाकघराचं दार आहे आणि उजवीकडं खिडकी. दारावरचा लोखंडी कपाटाच्या माथ्यावर ठेवला, खिडकीचा स्टुलावर. दोन्ही एका उंचीवर नाहीत, एका अंतरावर नाहीत.

पिक्चर लावला, पावसाचा सीन होता. खरंच छान वाटलं, पाऊस खोलीत आला, भाचा खूश, मी पण. आईनं बोलणं बघ म्हणून सांगितलं, बोलणं स्पष्ट. मग आप्पांसाठी एक ख्याल लावला, साधा स्टिरिओ, आणि ड्रायव्हरमध्ये स्टिरिओचा आवाज सगळ्या स्पीकरला पसरवायची जी सोय असते ती चालू होती. आप्पा पाच मिनिटं ऐकत बसले, मग मान वळवून मागं कपाटाकडं बघितलं.

"तानपुरा माझ्या पाठीमागं कुणी घेतलाय रं?"

"सराउंड आहे आप्पा, चारी बाजूनं येतंय."

"तानपुरा गाणाऱ्याच्या मागं असतो. ऐकणाऱ्याच्या मागं कसा यील? काढ ते."

काढलं. आणि काढल्यावर मला पण पटलं. स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये गायक मध्ये, तबला एका अंगाला, पेटी दुसऱ्या अंगाला आणि तानपुरे त्यांच्या मागं ही मांडणी दोनच चॅनलमध्ये बांधलेली असते. तीच पाच तोंडांतून ओतली की बांधणी सुटते, आवाज मोठा होतो पण जागा हरवते. पिक्चर मुळात पाच चॅनलला मिक्स केलेला असतो म्हणून तिथं ते शोभतं. जे ज्यासाठी केलंय ते त्यावर ऐकावं, माझं तरी मत आता पक्कं झालं.

९ जुलै

भाच्याचा प्रश्न स्वस्तात सुटला. त्याला गेममध्ये पावलांचा आवाज कुठून येतो ते कळायला पाहिजे, आणि तो खेळतो रात्री अकराला, म्हणजे हेडफोनच. विंडोजमध्येच विंडोज सॉनिक म्हणून आहे, ते सुरू केलं. दोन कानांना आवाज किती उशिरानं आणि कसा बदलून पोचतो त्याचं गणित करून दोनच चॅनलमध्ये मागचं-पुढचं दाखवतात. पुढचं-मागचं थोडं गोंधळतं असं तो म्हणतो पण डावं-उजवं आणि बाजूचं अचूक. गाणी ऐकताना मात्र हे बंद ठेवायचं, त्याला दोनदा बजावलंय.

१४ जुलै, रविवार

आज दिवसभर गुणगुण शोधण्यात गेला. डेक जोडला की घूं... असा एकसारखा आवाज, गाण्याच्या खाली सतत. मला वाटलं डेक गेला. ऑडॅसिटीत स्पेक्ट्रम काढला तर ५०, १०० आणि १५० हर्ट्झला उंच काट्या, म्हणजे वीजच ती.

एक एक वायर काढत गेलो. डेक बंद केला, आहेच. टीव्हीची एचडीएमआय काढली आणि गप्प. परत लावली, घूं. मग टीव्ही तसाच ठेवून सेट-टॉप बॉक्सची डिशची केबल काढली आणि पुन्हा गप्प! डिशची केबल गच्चीवरून येते, तिची जमीन (अर्थिंग) वेगळी आणि पीसीच्या तीन पिनच्या प्लगची जमीन वेगळी, दोन्हींच्या मध्ये जो थोडा फरक असतो तो आमच्या ऑडिओच्या वायरीतून वाहत होता.

दुकानातल्या माणसानं उपाय सांगितला की पीसीच्या प्लगची जाडी पिन काढून टाका. हे अजिबात करायचं नाही. ती पिन आवाजासाठी नसते, जीव वाचवण्यासाठी असते, घरात पावसाळ्यात ओली भिंत आणि पत्र्याचं कॅबिनेट आहे. मी ऑडिओच्या वायरीत लावायचा छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणला, डेक आणि पीसीच्या मध्ये बसवला, आणि रेकॉर्डिंग चालू असताना डिशची केबल काढून ठेवायची असं ठरवलं. घूं गेलं ते गेलंच.

महागातलं महाग कार्ड घेतलं असतं तरी ही गुणगुण तशीच राहिली असती, कारण ती कार्डात नव्हती.

२० जुलै

आता कार्ड. तीन दिवस वाचतोय, आकडे डोक्यात घोळतायत, लिहून मोकळा होतो.

२४ बिट १९२ किलोहर्ट्झ हे बहुतेक डब्यांवर मोठ्या अक्षरात असतं. सीडी १६ बिट ४४.१. १६ बिटमध्ये सगळ्यात मोठा आणि सगळ्यात बारीक आवाज यांच्यात ९६ डीबीचं अंतर मावतं. कॅसेट चांगल्यातली चांगली घेतली तरी ५०-६० डीबीच्या पुढं जात नाही, तिची स्वतःची सूं सूं आधी येते. आणि ४४.१ म्हणजे २२ हजार हर्ट्झपर्यंतचे सूर पकडता येतात, आमच्या कॅसेटवर १२-१५ हजाराच्या वर काही नाही, आप्पांच्या वयाला कानात तर त्याहून कमी. मग २४ बिट कशाला? एकाच कारणासाठी, रेकॉर्ड करताना लेव्हल बिनधास्त खाली ठेवता येते, गायकानं अचानक तार सप्तक लावला तरी फाटत नाही आणि नंतर वाढवलं तरी खालचा गाळ वर येत नाही. १९२ मला लागत नाही, ४८ ठेवणार.

ज्याला फक्त स्टिरिओ ऐकायचंय आणि कॅसेट-रेकॉर्ड पीसीत घ्यायचेत त्यानं यूएसबीचा छोटा डबा घ्यावा, उदाहरणार्थ बेहरिंगरचा लाल यूसीए२२२, १६ बिट ४८ किलोहर्ट्झ, ड्रायव्हर लागत नाही, आरसीएचं इन-आउट, आणि कॅबिनेटच्या आतल्या कचऱ्यापासून लांब. कॅसेटला तेवढं भरपूर झालं. मी जवळजवळ तोच घेणार होतो.

पण आईची तक्रार माझ्या डोक्यात आहे, त्या दिवशी सेंटर स्पीकरनं ती सुटली होती, आणि लाल डब्यात दोनच चॅनल. ऑप्टिकल वायरचा पण विचार केला, तर तिच्यातून स्टिरिओ जसाच्या तसा जातो पण पाच चॅनल न दाबता जात नाहीत, डॉल्बी नाहीतर डीटीएस करून पाठवावे लागतात आणि पलीकडं ते उलगडणारा रिसीव्हर लागतो. एचडीएमआयमधून आठ चॅनल तसेच जातात पण तिथंही रिसीव्हर आला, बजेट गेलं.

म्हणून ठरवलं ते पीसीच्या आत स्लॉटमध्ये बसणारं पीसीआय एक्सप्रेसचं साधं ५.१ कार्ड, साउंड ब्लास्टर ऑडिजी एफएक्स, कागदावर १०६ डीबी, लाईन-इन वेगळं आणि सेंटरचं आउट वेगळं, एकमेकांच्या भोकावर बसत नाहीत. मला एवढंच पाहिजे होतं.

२६ जुलै

पाऊस थांबत नाही. कृष्णेचं पाणी चढतंय, सांगलीकडनं येणारं सगळं सामान अडकलंय. कॅसेटच्या ट्रंकेत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आणि ट्रंक पलंगावर ठेवली.

१ ऑगस्ट

कार्ड आलं. बसवायला दहा मिनिटं, ग्राफिक्स कार्डापासून जितक्या लांबच्या स्लॉटमध्ये बसेल तिथं बसवलं. बायोसमध्ये बोर्डाचा साउंड बंद केला. ड्रायव्हरबरोबर येणारे बेस वाढवा, आवाज चकाचक करा, सराउंड करा हे सगळे इफेक्ट बंद केले, हे पहिल्यांदा करायचं, नाहीतर तुम्ही कार्ड ऐकत नसता, इफेक्ट ऐकत असता.

तीच वायर, तीच शांतता, उणे ९३. कागदावर १०६ आणि माझ्याकडं ९३ का, तर मी आउट आणि इन दोन्ही एकत्र मोजतोय, आणि डब्यावरचा आकडा फक्त आउटचा. रात्री सगळं बंद असताना स्पीकरला कान लावला, माउस फिरवला, काही नाही. बरं वाटलं.

४ ऑगस्ट, रविवार

आजचा दिवस मी विसरणार नाही.

पहिली कॅसेट घेतली, पेन्सिलीनं "तानपुरा, नवीन, काळी दोन" लिहिलेली. आप्पांनी स्वतः जवारी लावून झाल्यावर टेपरेकॉर्डर समोर ठेवून घेतलेली, गाणं नाही, नुसता तानपुरा. मोनो. मी डेकचे दोन्ही चॅनल एकत्र केले, कारण मोनो कॅसेट स्टिरिओ डेकवर वाजवली की दोन्हीकडं गाणं तेच असतं पण सूं सूं वेगवेगळी असते, एकत्र केली की गाणं दुप्पट होतं आणि सूं सूं तेवढी वाढत नाही, ३ डीबीचा फायदा.

आप्पांनी ऐकलं आणि म्हणाले, "ही माझी जवारी न्हाई."

म्हटलं तुमच्याच अक्षरातली कॅसेट आहे.

"अक्षर माझं हाय. जवारी बंद पडलीया. अशी बंद जवारी मी गिऱ्हाइकाला दिली नसती."

मग मला उमगलं. एकत्र न करता नुसता डावा चॅनल ऐकवला तर झंकार जरा आला. म्हणजे डेकचं हेड, टेप वाचणारा भाग, वाकडं होतं. टेपवर ज्या कोनात रेकॉर्डिंग झालं त्याच कोनात हेड उभं पाहिजे, नाहीतर डावा चॅनल आणि उजवा चॅनल अगदी थोडे पुढं-मागं होतात, आणि दोन्ही एकत्र केले की वरचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. खालचा सा शाबूत राहतो, वरचा झंकार मरतो. आणि जवारी म्हणजे तो वरचा झंकारच ना. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा माथा सपाट नसतो, जरा उतरता घासलेला असतो, तार त्यावर टेकत-सुटत कंप पावते आणि एका साच्या पोटातून पंचम, गंधार, पार वरपर्यंतचे सूर निघतात. तारेखाली दोरा असतो, तो केसभर सरकवला की जवारी उघडते नाहीतर मिटते.

हेडच्या बाजूला स्प्रिंग असलेला छोटा स्क्रू असतो. दार उघडं ठेवून कॅसेट चालू केली, बारीक पेचकस घातला. मी ग्राफ बघून फिरवणार होतो. आप्पांनी खुर्ची जवळ ओढली, डोळे मिटले आणि म्हणाले, फिरव.

मी फिरवतोय आणि ते हातानं सांगतायत, अजून, अजून, थांब, मागं घे. पाव वळणसुद्धा नाही, त्याच्याही आत. एका जागी एकदम तानपुरा उघडला, जसा झाकणाखालून बाहेर आला, खोलीभर चार तारा वेगवेगळ्या. आप्पांचा उजवा हात मांडीवर होता, अंगठा आणि बोट दोरा सरकवताना धरतात तसे धरलेले.

"हां. हितं."

ग्राफ नंतर बघितला, ६ हजार हर्ट्झच्या वरचं जे सगळं गेलं होतं ते परत आलेलं. मी त्याच्यानंतर अर्धा तास यंत्रानं अजून चांगलं होतंय का बघत होतो, नाही झालं, त्यांनी जिथं थांबवलं तिथंच सगळ्यात उंच होतं.

आता प्रत्येक कॅसेटला आधी हेड लावायचं, मग रेकॉर्ड. कॅसेट वेगवेगळ्या मशीनवर भरलेल्या आहेत, प्रत्येकीचा कोन वेगळा. ऑफिसवरून आल्यावर दिवसाला एक, जास्तीत जास्त दोन.

११ ऑगस्ट

नऊ कॅसेट झाल्या. ऐकण्याचा प्रश्न मात्र बाकी आहे.

आप्पांची खुर्ची हॉलच्या मध्यात नाही, डाव्या भिंतीला आहे, पंख्याचा वारा आणि रस्त्यावरची खिडकी दोन्ही तिथं, ती हलणार नाही. मोजलं तर डावा स्पीकर त्यांच्यापासून १.६ मीटर आणि उजवा २.५. फरक ०.९ मीटर, आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो म्हणजे उजव्याचा आवाज अडीच मिलिसेकंदानं उशिरा. आणि कानाचा स्वभाव असा की जो आवाज आधी पोचतो तिकडूनच सगळं येतंय असं तो धरतो, एक मिलिसेकंद पुरे होतो त्याला. म्हणून आप्पांना गायक सगळा डाव्या स्पीकरमध्ये बसलेला ऐकू येतो. स्टिरिओचा गोडवा त्रिकोणाच्या टोकाला एका माणसाला मिळतो, दोन स्पीकर आणि ऐकणारा तिघं सारख्या अंतरावर. मी तिथं बसून ऐकलं तर स्वर्ग आहे. पण आप्पा तिथं बसत नाहीत, आणि कॅसेट आप्पांच्या आहेत.

दुसरं असं की मध्यात बसलं तरी मोनो दोन स्पीकरवर थोडं मळतंच. डाव्या कानाला डावा स्पीकर आधी आणि उजवा साधारण पाव मिलिसेकंदानं नंतर ऐकू येतो, त्यामुळं २ हजार हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. बोलण्यातली व्यंजनं तिथंच असतात. आईची तक्रार अशी की बोलणं कळत नाही, आणि कारण हे, ५.१ पिक्चरचा सेंटर दोन स्पीकरमध्ये वाटून दिला की तो मधोमध भासतो पण मधोमध असत नाही.

आज प्रयोग म्हणून एकच स्पीकर टीव्हीखाली मधोमध ठेवला आणि तानपुऱ्याची कॅसेट लावली. आप्पा खुर्चीतून, आई स्वयंपाकघराच्या दारातून, मी सोफ्यावरून, तिघांनाही तानपुरा एकाच जागी. खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांच्या सगळ्या तबकड्या एकाच चॅनलच्या. ते गाणं एका तोंडातूनच यावं.

१८ ऑगस्ट

म्हणून सराउंडचे दोन मागचे काढले, सेंटर ठेवला. डावा, मध्य, उजवा, तीनच. जुन्या सेटचा सेंटर लावून बघितला तर त्याचा आवाज बाकी दोघांपेक्षा नाकातला, माणूस चालत डावीकडून उजवीकडं गेला की मध्ये त्याचा आवाज बदलायचा. तिन्ही सारखे पाहिजेत. सांगलीत एकाकडं माझ्याच मॉडेलची जुनी जोडी मिळाली, एका स्पीकरचा पडदा फाटलेला पण अ‍ॅम्पवाला डबा चालू, मला तेवढाच पाहिजे होता, अठराशेला दिली.

विंडोजमध्ये ५.१ निवडलं आणि पुढच्या पायरीवर सराउंड आणि सबवूफरची टिक काढली, सराउंडचं जे काही असेल ते उरलेल्यांत वाटून येतं. मोनो कॅसेटसाठी इक्वलायझर एपीओ या आवाज वळवायच्या प्रोग्राममध्ये दोन ओळी लिहून ठेवल्या, डावं अर्धं आणि उजवं अर्धं मिळून सेंटरला द्यायचं आणि डावं-उजवं गप्प. स्टिरिओ गाणं असेल तेव्हा ती फाईल बंद, मग नेहमीचे दोन. डेस्कटॉपवर दोन चिन्हं ठेवलीत, आप्पांना दाखवलंय कुठलं कधी दाबायचं.

रात्री आईला पिक्चर लावून दिला. तासाभरानं रिमोट बघितला, आवाज नेहमीच्या २८ वरून १७ वर. ती काही बोलली नाही, भाजी निवडत बघत होती.

पाऊस मागून येत नाही आता, खरं आहे. भाचा दोन दिवस नाराज होता. त्याला सांगितलं की हॉल जरा मोठा असता, दार तिथं नसतं, आणि घरात सगळे समोर बघत बसणारे असते तर मीच पाच लावले असते.

२५ ऑगस्ट

एकवीस कॅसेट झाल्या, सहासष्ट राहिल्या. चौदा नंबरची टेप तुटली होती, शिल्लक कॅसेटच्या डब्यात बदलून जोडली, दोन सेकंद गेली. बुरशीच्या पाच वेगळ्या काढल्यात, त्या डेकमध्ये घालायच्या नाहीत, नाहीतर बुरशी हेडवरून बाकीच्यांना लागेल.

आज संध्याकाळी कारखान्यातला एक जुना सोबती आप्पांना भेटायला आला होता. आप्पांनी स्वतः उठून डेस्कटॉपवरचं मोनोचं चिन्ह दाबलं आणि पहिली कॅसेट लावली. दोघं न बोलता ऐकत होते. साधारण चौथ्या मिनिटाला तो पाहुणा म्हणाला, "तिसऱ्या तारेचा दोरा जरा पुढं हाय."

आप्पा म्हणाले, "व्हय. दुसऱ्या दिवशी सरकवला हुता."

बावीस नंबरच्या कॅसेटवर काहीच लिहिलेलं नाही. उद्या हेड लावून बघतो.